आधी रक्त की आधी वाहिनी?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. गर्भात रक्त कुठून येतं यावर मला चार ठिकाणी चार उत्तरं मिळाली. एका पुस्तकात लिहिलंय की रक्तपेशी आणि रक्तवाहिनीच्या पेशी एकाच हिमँजिओब्लास्टपासून होतात. दुसऱ्यात म्हटलंय की रक्तपेशी वाहिनीच्या अस्तरातून सुटून निघतात. क्लासच्या नोट्समध्ये पीतककोश (म्हणजे बलकाची पिशवी), मग यकृत, मग अस्थिमज्जा. आणि एका व्हिडिओत सांगितलं की हिमँजिओब्लास्ट असं काही नसतंच. खरं काय? आणि पेपरात काय लिहू?"

चारपैकी साडेतीन उत्तरं बरोबर आहेत, म्हणूनच तुझा घोळ झालाय. सगळी चुकीची असती तर बरं झालं असतं, एक खरं पुस्तक शोधून दिलं असतं. अडचण 'रक्त' या शब्दात आहे. आपण तो एकवचनी वापरतो, पण गर्भ रक्त एकदाच बनवत नाही. तो ते वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या गरजेसाठी बनवतो. त्यामुळे यापुढे कोणी "रक्त कुठून येतं" असं विचारलं की तू उलट विचारायचं: कुठलं रक्त, कितव्या दिवशीचं?

मी सोलापुरात तीसएक वर्षं भ्रूणशास्त्र शिकवलं, आणि हा विषय फळ्यावर शिकवून कळत नाही हे पहिल्या दोन वर्षांतच माझ्या लक्षात आलं. कोंबडीचं अंडं उघडावं लागतं. पहिल्या वर्षी मी स्वतः दुकानातून दोन डझन पांढरी अंडी आणली, तीन दिवस उबवली, मुलांसमोर मोठ्या थाटात एकेक फोडली. आत नुसता बलक! लॅबमधल्या मामांनी शेवटी हळूच सांगितलं, "मॅडम, त्या कोंबड्यांनी कोंबडा बघितलेलाच नसतो." तेव्हापासून मंगळवार बाजारात येणाऱ्या एका मावशींकडून, ज्यांच्याकडे दहा-बारा गावरान कोंबड्या आणि एक दांडगा कोंबडा होता, मी अंडी घ्यायला लागले.

दुसरा धडा ऊन देतं. अंड्यातली वाढ साधारण २० ते २४ अंशांच्या खाली थांबून राहते आणि ३७.५ ते ३८ अंशांवर नीट चालते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. म्हणजे अंडं टोपलीत असतानाच वाढायला लागतं, वेडंवाकडं वाढतं आणि पुष्कळदा मरतं. इनक्यूबेटर गरम करायचं यंत्र आहे, खोलीच चाळीसच्या पुढे गेली तर ते बिचारं काय करणार? म्हणून माझं प्रात्यक्षिक कायम गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, जानेवारीत. तेव्हा पहाटेचा गारवा अंड्याला झोपवून ठेवतो आणि आपण ठरवू तेव्हाच घड्याळ सुरू होतं. घड्याळाचा इतका आग्रह का, ते आता सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या तासांमध्ये आहे.

अंडं उबवायला ठेवल्यावर साधारण १८ तासांनी बलकावरच्या त्या छोट्या पांढरट चकतीत एक रेघ दिसते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. वरच्या थरातल्या पेशी त्या रेघेतून आत उतरतात आणि वरचा थर व खालचा थर यांच्यामध्ये पसरत जातात. हा मधला थर म्हणजे मेसोडर्म. रेघेच्या मागच्या भागातून उतरलेल्या पेशी गर्भाच्या शरीरात थांबतच नाहीत. त्या बाहेर, बलकावर पसरत जातात. २४ ते ३० तासांच्या सुमारास तिथे, गर्भाच्या मागच्या बाजूला घोड्याच्या नालासारख्या पट्ट्यात, पेशींचे पुंजके जमलेले दिसतात. फिल्टर पेपरची चकती मधोमध कापून कडं करायचं, ते बलकावर ठेवून गर्भ अलगद उचलायचा, कोमट सलाईनमध्ये धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आणखी काही तासांनी त्याच पुंजक्यांत फिकट तांबूस छटा येते. हीच ती रक्तद्वीपं, ब्लड आयलंड्स.

प्रत्येक बेटात काय चाललेलं असतं? बाहेरच्या कडेच्या पेशी चपट्या होतात, एकमेकींना धरतात आणि त्यांची भिंत तयार होते. ते एंडोथेलियम, वाहिनीचं अस्तर. आतल्या पेशी गोल होऊन सुट्या होतात, त्यांच्यात हिमोग्लोबिन भरतं. मग शेजारशेजारची बेटं जुळतात, त्यांची जाळी होते. आणि लक्षात ठेव, या वेळी हृदयाचा पत्ता नसतो. ते ३३ ते ३८ तासांच्या दरम्यान थरथरायला लागतं आणि प्रवाह नीट सुरू व्हायला दुसरा दिवस संपत येतो. आधी पाइपलाइन टाकायची, मग पाणी सोडायचं, अशी आपली समजूत असते. इथे पाइप आणि पाणी एकाच ढेकळातून, एकाच वेळी बनतात, आणि पंप सगळ्यात शेवटी बसतो. (उजनीचं पाणी आपल्याकडे कसं येतं ते सोलापूरकरांनी मला सांगू नये, ती उपमा मी मुद्दाम टाळते आहे.)

तर "आधी रक्त की आधी वाहिनी" याचं बलकाच्या पिशवीपुरतं उत्तर: दोन्ही बरोबरच.

हे पुंजके लोकांना पूर्वीपासून माहीत आहेत. १८१७ मध्ये क्रिश्चन पँडरने कोंबडीच्या गर्भाचे थर वेगळे करून दाखवले तेव्हा ही बेटंही नोंदवली होती. पण जिवंत गर्भात ती घडताना तासन् तास पाहिली फ्लॉरेन्स सेबिन यांनी, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. काचेवर लटकणाऱ्या थेंबात कोंबडीच्या गर्भाची चकती जिवंत ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रात्रभर बसायचं. त्यांचा १९२० चा निबंध उबवणीच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. तू फ्लॉरेन्स सेबिन हे नाव लिहून ठेव. १९२५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. पुंजक्यांतून रक्त आणि वाहिनी दोन्ही होताना त्यांनी पाहिलं, आणि तयार झालेल्या अस्तरातून रक्तपेशी निघताना पाहिल्याचंही लिहून ठेवलं. म्हणजे तुझ्या पहिल्या दोन पुस्तकांचं भांडण त्या एका बाईंच्या वहीत शंभर वर्षांपूर्वीच शेजारी शेजारी बसलेलं होतं.

हिमँजिओब्लास्ट हा शब्द रुळला तो पी. डी. एफ. मरे यांच्यामुळे, १९३२ मध्ये. इथे एक बारीक गोष्ट आहे जी गाइडवाले कधी लिहीत नाहीत. मरे यांनी तो शब्द मेसोडर्मच्या त्या अख्ख्या पुंजक्यासाठी वापरला होता. पुंजका दोन्ही गोष्टी देतो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पुढे वाचणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'एक पेशी जिच्या लेकी रक्तही होतात आणि वाहिनीही' असा केला. पुंजका आणि पेशी यांत फार फरक आहे. एका चाळीतून डॉक्टरही निघाला आणि वकीलही निघाला, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

मग खरंच अशी एक पेशी असते का? १९९५ मध्ये उंदरांतलं फ्लक-१ हे जनुक बंद करून पाहिलं. हे जनुक पेशीच्या अंगावर एक ग्राहक बसवतं, जो व्हेजएफ हा रासायनिक निरोप ऐकतो. परिणाम असा की रक्तद्वीपं नाहीत, वाहिन्या नाहीत, आणि गर्भ नवव्या दिवसाच्या आसपास मेला. एकाच जनुकाने दोन्ही गेलं, म्हणजे मूळ एक असावं असा संशय बळावला. पुढच्याच वर्षी व्हेजएफचं निम्मं प्रमाण, म्हणजे दोन प्रतींपैकी एकच प्रत, काढून टाकली तरी उंदराचा गर्भ जगत नाही हे दिसलं. इतका नाजूक हिशेब फार थोड्या जनुकांत सापडतो. आणि १९९८ मध्ये गॉर्डन केलर यांच्या गटात क्यूंघी चोई यांनी उंदराच्या भ्रूणीय मूळ पेशी (स्टेम सेल्स) बशीत वाढवून एकेका पेशीपासून वसाहती काढल्या. त्यातल्या काही वसाहतींमधून रक्तपेशीही निघाल्या आणि अस्तराच्या पेशीही. तुझ्या पहिल्या पुस्तकातलं वाक्य बहुधा इथून आलंय.

व्हिडिओवाल्याचं म्हणणं आलं आहे २००६ मधून. उएनो आणि वाइसमन यांनी वेगवेगळ्या रंगांनी चमकणाऱ्या पेशी मिसळून उंदराचे गर्भ तयार केले. प्रत्येक रक्तद्वीप एकाच पेशीपासून झालं असतं तर ते बेट एकाच रंगाचं दिसलं असतं. तसं झालं नाही. बेटं बहुरंगी निघाली, आणि बऱ्याचदा भिंतीचा रंग एक, आतल्या रक्ताचा दुसरा. पण त्याच वर्षी झेब्राफिश माशात, अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर एकेका पेशीवर खूण केली तेव्हा काही थोड्या पेशींच्या लेकी खरोखर दोन्हीकडे गेलेल्या सापडल्या.

माझं मत विचारशील तर सांगते: बशीत पेशी काय होऊ शकते आणि गर्भात ती काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अकरावीला सायन्स घेतलेला मुलगा डॉक्टर होऊ शकतो आणि इंजिनिअरही होऊ शकतो. तो शेवटी काय झाला ते त्याला विचारावं लागतं. हिमँजिओब्लास्ट ही एक क्षमता म्हणून नक्की आहे, ती अवस्था मेसोडर्मच्या पेशींना थोडा वेळ असते. पण प्रत्येक बेट एका आईचं, हे चित्र मात्र सोडून द्यायला हवं. म्हणून त्या व्हिडिओला मी अर्धे मार्क दिले.

आता खरा गाभा.

बलकावर बनलेलं ते पहिलं रक्त टिकाऊ नसतं. त्या तांबड्या पेशी मोठ्या असतात, त्यांचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं, आणि आपल्या सस्तन प्राण्यांतसुद्धा त्या केंद्रकासकट प्रवाहात उतरतात. गर्भ वाढतोय, नुसत्या झिरपण्याने आतपर्यंत प्राणवायू पोचत नाही, तेव्हा घाईने उभी केलेली ती तात्पुरती फौज आहे. तुझ्या-माझ्या अंगात आज जे रक्त आहे, ज्या मूळ पेशी अस्थिमज्जेत बसून मरेपर्यंत रक्त पुरवतात, त्या तिथून आलेल्या नाहीत. मग त्या कुठून आल्या? यावर चांगली पंचवीस वर्षं घोळ होता.

१९७० मध्ये मूर आणि मेटकाफ यांनी उंदरावरच्या प्रयोगांतून म्हटलं की मूळ पेशी पीतककोशातच होतात आणि तिथून यकृताकडे, मज्जेकडे जातात. फार व्यवस्थित, सुटसुटीत गोष्ट. पाठ्यपुस्तकांना सुटसुटीत गोष्टी आवडतात, त्यामुळे ती अजून तुझ्या नोट्समध्ये जिवंत आहे. तिला धक्का दिला फ्रान्समधल्या फ्रांस्वाझ दिएतेर्लां-लिएव्र यांनी, १९७५ मध्ये. कोंबडी आणि लाव्हा (आपल्याकडचा लावा पक्षी, जपानी जातीचा) यांचे गर्भ जोडण्याची युक्ती निकोल ल द्वारँ यांनी आधीच शोधली होती. लाव्ह्याच्या पेशीच्या केंद्रकात गडद रंगणारा एक गोळा असतो, तो कोंबडीत नसतो. म्हणजे पेशीला आपोआप गावाचा शिक्का! दिएतेर्लां-लिएव्र यांनी रक्ताभिसरण सुरू होण्याआधी लाव्ह्याच्या गर्भाचं शरीर कोंबडीच्या बलकाच्या पिशवीवर बसवलं. टिकाऊ रक्त पिशवीतून येत असेल तर ते कोंबडीचं निघायला हवं. निघालं लाव्ह्याचं. म्हणजे उगम गर्भाच्या शरीरात होता.

यात 'अभिसरण सुरू होण्याआधी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रवाह एकदा सुरू झाला की पेशी कुठे सापडली आणि कुठे जन्मली यांचा काही संबंध उरत नाही. सोलापूर स्टेशनवर उतरलेला प्रत्येक माणूस सोलापूरचा नसतो. पीतककोशाची जुनी गोष्ट तिथेच फसली होती. आणि मघाशी घड्याळाबद्दल बोलले ते यासाठीच.

उंदरात जागा पक्की झाली १९९६ मध्ये. मेदविन्स्की आणि झेरझॅक यांनी साडेदहा-अकरा दिवसांच्या गर्भातला मुख्य धमनीभोवतीचा पट्टा, जिथे जननग्रंथी आणि मूत्रपिंडाची सुरुवात होत असते, तो वेगळा काढून बशीत दोन-तीन दिवस ठेवला. मग तो किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दिला. त्यांचं रक्त पुन्हा उभं राहिलं. या पट्ट्याला एऑर्टा, गोनॅड, मेसोनेफ्रॉस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून एजीएम म्हणतात. मजा म्हणजे त्या वयाच्या अख्ख्या गर्भात अशा खऱ्या मूळ पेशी मोजायला गेलं तर जेमतेम एखादी सापडते. 

पण एजीएममध्ये नेमकं कोण? धमनीच्या पोटाकडच्या भिंतीला आतून चिकटलेले पेशींचे छोटे घोस जुन्या लोकांनी स्लाइडवर पाहिले होते. माणसाच्या गर्भातही ते साधारण २७ व्या दिवसापासून दिसतात. स्लाइडवर मात्र एक शंका कायम राहते: हे घोस भिंतीतून उगवलेत की वाहत येऊन भिंतीला चिकटलेत? २०१० मध्ये ती मिटली. झेब्राफिशचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. त्यात दोन गटांनी, आणि उंदरात तिसऱ्या गटाने, जिवंत चित्रण केलं. माशात धमनीच्या तळाची एक चपटी पेशी वाकते, कमानीसारखी होते, शेजारणींचे हात एकेक करून सोडते आणि गोल होऊन निघून जाते. विभागणी होत नाही, भिंतीला भोक पडत नाही, ती पेशीच रक्ताची होते. उंदरात ती आतल्या पोकळीकडे सुटते, माशात बाहेरच्या बाजूला, एवढाच फरक. अशा अस्तराला हिमोजेनिक एंडोथेलियम म्हणतात. रक्त प्रसवणारं अस्तर म्हण हवं तर.

मी हे वर्गात टॉवेलवरून सांगायचे. आपल्या टेरी टॉवेलवरचे लूप वरून चिकटवलेले नसतात, विणतानाच ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, उचललेले असतात. भिंत म्हणजे कापड, रक्तपेशी म्हणजे उचललेला लूप. मला ही उपमा फार आवडायची. एका वर्षी पूर्व भागातला एक मुलगा उठला. घरचे यंत्रमाग. म्हणाला, "मॅडम, लूपचा बीम, म्हणजे सुताचा रूळ, वेगळा असतो. कापडाचा ताणा एका बीमवर ताठ, लूपचा दुसऱ्या बीमवर ढिला. दिसायला एकच कापड, पण सूत आधीपासून वेगळं लावलेलं असतं." मी गप्प झाले. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की संशोधक याच मुद्द्यावर भांडत होते: रक्त देणाऱ्या अस्तराच्या पेशी सर्वसाधारण अस्तरातून ऐनवेळी निवडल्या जातात, की त्यांचं सूत आधीपासूनच वेगळ्या बीमवर असतं? २०१५ मध्ये मानवी मूळ पेशींवरच्या कामात असं दिसलं की रक्त देणारं अस्तर आणि नेहमीचं धमनीचं अस्तर यांचे वंश वेगळे असतात. पक्ष्यांत तर त्याआधीच लक्षात आलं होतं की धमनीचं छत आणि तळ वेगवेगळ्या मेसोडर्मचे असतात. पाठीच्या बाजूचे सोमाइट, म्हणजे मेसोडर्मचे ठोकळे, फक्त अस्तर देतात, रक्त देत नाहीत. पोटाकडचा थर दोन्ही देतो. आणि तळातल्या पेशी रक्त होऊन निघून गेल्या की सोमाइटकडच्या पेशी खाली उतरून ती जागा भरून काढतात. धमनी उघडी पडत नाही. त्या मुलाला मी तोंडी परीक्षेत पूर्ण गुण दिले, नियमात बसत होतं की नाही देव जाणे.

भिंतीतून सुटायचा हुकूम देणारं जनुक म्हणजे रन्क्स-१. १९९६ मध्ये ते उंदरात बंद केलं तेव्हा बलकावरचं पहिलं रक्त झालं, पण टिकाऊ रक्त झालंच नाही. दोन रक्तं वेगळी आहेत याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. या जनुकाचं आधीचं नाव एएमएल-१. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, तिथे ते आधी सापडलं, गर्भातलं काम नंतर कळलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००९ मध्ये दोन गटांनी दाखवलं की प्रवाहाचं भिंतीवर होणारं घर्षणच रन्क्स-१ वाढवतं, आणि त्यात नायट्रिक ऑक्साइडचा हात असतो. ज्या माशांचं हृदय धडधडतच नाही, त्यांच्या धमनीत मूळ पेशी फार कमी होतात. म्हणजे हृदय चालू होतं, प्रवाह धमनीच्या भिंतीला घासत जातो, आणि त्या घासण्याने भिंत जागी होऊन आयुष्यभराचं रक्त द्यायला लागते. हृदयाला आपण नुसता पंप समजतो!

बलकाच्या पिशवीतही तात्पुरत्या पहिल्या फौजेनंतर रक्ताची एक दुसरी फळी निघते, आणि तीही तिथल्या अस्तरातूनच. तिच्या बाबतीत एवढंच सांगते की पीतककोशाला अगदी बाद करू नकोस. २०१० मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की मेंदूत राहणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या सफाई पेशी पीतककोशातल्या पूर्वजांपासून आलेल्या असतात आणि मोठेपणीही तिथे टिकून राहतात.

यकृत आणि मज्जेचं थोडक्यात. माणसात पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून यकृत रक्त बनवायला लागतं, दहा-अकराव्या आठवड्याच्या सुमारास मज्जेत सुरुवात होते, आणि जन्माच्या वेळेपर्यंत कारभार मज्जेकडे जातो. पण यकृत आणि मज्जा या जन्माच्या जागा नाहीत. मूळ पेशी तिथे बाहेरून येऊन बसतात, वाढतात. जन्म एकीकडे, वाढ दुसरीकडे, संसार तिसरीकडे. क्लासच्या नोट्स 'रक्त कुठे बनतं' हे सांगतात, तुझा प्रश्न 'रक्ताची आई कोण' असा आहे. म्हणून तुला त्या अपुऱ्या वाटल्या.

मूळ पेशी प्रवाहातून गावोगाव जातात याचा एक जुना पुरावा गोठ्यात सापडला होता. घरी गाई असतील तर तुझ्या आजोबांना विचार: जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. गर्भाशयात दोघांच्या वारेतल्या वाहिन्या जोडल्या जातात म्हणून तसं होतं. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी अशा जुळ्यांचं रक्त तपासलं, तर प्रत्येकात दोन-दोन प्रकारच्या रक्तपेशी होत्या, एक स्वतःच्या आणि एक भावंडाच्या. त्याही मोठेपणीपर्यंत. तांबडी पेशी तर काही महिन्यांत मरते, मग भावंडाचं रक्त वर्षानुवर्षं कसं टिकलं? पेशी नुसत्या आल्या नव्हत्या, त्यांची आईच येऊन राहिली होती. मूळ पेशींचं अस्तित्व प्रयोगाने सिद्ध व्हायला १९६१ उजाडलं, पण खूण गोठ्यात आधीच होती.

याचा दवाखान्याशी काय संबंध, असं विचारशील. थॅलेसिमिया मेजरचं मूल जन्मतः चांगलं दिसतं आणि सहा महिन्यांच्या पुढे पांढरं पडायला लागतं, ते हिमोग्लोबिन बदलतं म्हणून. गर्भातलं हिमोग्लोबिन गॅमा साखळीचं असतं, ती नंतर मागे पडून बीटा साखळी येते, आणि बिघाड बीटात असतो. त्या मुलांना दुसऱ्याची मज्जा जुळवून द्यावी लागते, आणि जुळणारा दाता मिळणं ही मोठी रडकथा. स्वतःच्याच पेशीपासून प्रयोगशाळेत रक्ताच्या मूळ पेशी करता आल्या तर? लोक वर्षानुवर्षं थेट उडी मारायला बघत होते: मूळ पेशी घ्या, रक्त करा. रक्त व्हायचं, पण ते पीतककोशी छापाचं, टिकत नसे. गर्भाची वाट पायरी पायरीने धरली, म्हणजे मेसोडर्म, मग योग्य जातीचं अस्तर, मग सुटका, तेव्हा गाडी रुळावर आली. २०२४ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी मानवी पेशींपासून अशा मूळ पेशी केल्याचं प्रसिद्ध झालं, ज्या उंदराच्या मज्जेत जाऊन रुजल्या आणि तिथे रक्त देत राहिल्या. माणसावर वापरायला अजून अवकाश आहे.

आता पेपर. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं आणि त्यात पीतककोश, यकृत, मज्जा हे तीन शब्द असतात, तेव्हा ते आधी लिही, आठवड्यांसकट. मग रक्तद्वीपाची आकृती काढ, बाहेर चपट्या पेशी, आत गोल. त्याखाली दोन वाक्यं: पहिलं रक्त मेसोडर्मच्या पुंजक्यातून वाहिनीबरोबर होतं, टिकाऊ रक्त मुख्य धमनीच्या तळाच्या अस्तरातून सुटतं आणि यकृतात जाऊन वाढतं. हिमँजिओब्लास्ट हा शब्द लिही, पण 'सर्व रक्त एकाच पेशीपासून' असं लिहू नकोस. सहा गुणांना एवढं पुष्कळ होतं. व्हायवाला कोणी जाणकार बाहेरून आले असतील तर लाव्ह्याचा प्रयोग सांग, डोळे चमकतात त्यांचे.

आणि शक्य असेल तर जानेवारीत स्वतः बघ. फलित, कोंबडा असलेल्या घरचं अंडं आण. आणल्यावर गार जागी ठेव, धुऊ नकोस, टरफलावर पेन्सिलीने तारीख आणि तास लिही. शाईचं पेन नको. बहात्तर तासांनी अंधारात टॉर्चवर धरलंस तर लाल कोळ्यासारखं जाळं दिसेल, मधोमध एक ठिपका हलत असेल. बेटं बघायची असतील तर मात्र तिसाव्या तासाला उठावं लागेल, आणि तो तास हटकून रात्री दोनला येतो. संध्याकाळी ठेवण्यापेक्षा पहाटे चारला अंडं ठेव, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कॉलेजात बेटं तयार असतील.